तांत्रिक फेरी पार, मॅनेजरच्या फेरीत नकार: दुरुस्ती कुठे करायची?

कोरीपाटी:
तांत्रिक फेरी नीट पार पडते आणि मॅनेजर किंवा एचआरच्या फेरीनंतर नकार येतो, असं लागोपाठ होत असेल तर नेमकं काय कमी पडतंय हे कसं ओळखायचं? रेझ्युमेवर ‘उत्तम संवादकौशल्य’, ‘टीम प्लेअर’ लिहून फायदा होतो का? मुलाखतीनंतर मेल करावा, की मागे लागल्यासारखं दिसतं?

टेबलापलीकडून:
ते शब्द आधी काढा. जवळपास प्रत्येक रेझ्युमेवर असतात, त्यामुळे नजर त्यांवर थांबतच नाही. त्याऐवजी काम लिहा: ‘३ नवीन सहकाऱ्यांना प्रशिक्षण दिलं, त्यासाठी माहितीपुस्तिका तयार केली.’

मॅनेजरच्या फेरीत बहुधा प्रसंग विचारतात: सहकाऱ्याशी मतभेद झाला तेव्हा काय केलंत, मुदत हुकली तेव्हा कोणाला कळवलंत. उमेदवार बहुतेक वेळ पार्श्वभूमी सांगण्यात घालवतात आणि स्वतः काय केलं ते एका वाक्यात उरकतात. समोरच्याला ऐकायचं असतं नेमकं तेच. उत्तर दीड-दोन मिनिटांचं ठेवा. परिस्थिती दोन वाक्यांत, जबाबदारी एका वाक्यात, मग तुम्ही काय काय केलंत ते सविस्तर आणि शेवटी निकाल, शक्य असेल तर आकड्यात. सगळीकडे ‘आम्ही’ आलं तर तुमचा वाटा कळत नाही, सगळीकडे ‘मी’ आलं तर सोबत काम करणं जड जाईल असं वाटतं. असे ५-६ प्रसंग लिहून काढा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. लांबण कुठे लागते ते लगेच कळतं.

स्वतःची चूक विचारली तर ‘मी फार बारकाईने काम करतो’ हे उत्तर नको. खरी चूक सांगा, ती कोणाला आणि किती लवकर सांगितलीत ते सांगा, नंतर कामात काय बदललंत तेही. आधीच्या साहेबांबद्दल तक्रारीचा सूर मात्र अजिबात नको, ती कितीही खरी असली तरी. समोर बसलेला माणूस उद्याचा साहेब असतो.

रोजनिशी:
मेलबद्दल: २४ तासांच्या आत, ४-५ ओळी. विषयात पदाचं नाव आणि मुलाखतीची तारीख. आभार माना आणि चर्चेतल्या एका मुद्द्याचा उल्लेख करा, नाहीतर मेल छापील वाटतो. निर्णयाची तारीख मुलाखतीच्या शेवटीच विचारून ठेवा. ती उलटून दोन-तीन कामाचे दिवस गेले की एकदा विचारा, आठवड्याने पुन्हा एकदा, मग थांबा. रोज फोन केला तरच मागे लागल्यासारखं दिसतं.

व्हिडिओ मुलाखत असेल तर कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर, उजेड समोरून. खिडकी पाठीमागे असली की चेहरा काळा दिसतो. माइक आणि लिंक अर्धा तास आधी तपासा.

कोरीपाटी:
उत्तर येतच नसेल तर?

टेबलापलीकडून:
‘हे मला माहीत नाही’ असं सरळ म्हणा, आणि ते कसं शोधाल ते दोन वाक्यांत सांगा. अंदाज ठोकून दिला तर पुढच्या उपप्रश्नात उघडा पडतो, आणि मग आधीच्या बरोबर उत्तरांवरही शंका येते.

सहजच:
प्रत्येक नकार तुमच्या वागण्यामुळेच येतो असं नाही. कधी पद गोठवतात, म्हणजे त्या जागेची भरतीच थांबवतात, कधी कंपनीतलाच उमेदवार घेतात. म्हणून नकाराच्या मेलला उत्तर द्या, पण ‘का नाकारलं?’ असं विचारू नका, त्यावर सहसा मोघम उत्तर येतं. ‘पुढच्या वेळी कोणत्या एका गोष्टीची तयारी वाढवावी?’ असं विचारलं तर उत्तर मिळण्याची शक्यता जास्त.