पानशेतचा पूर: तुमच्या घरातली रेघ कुठवर होती?

नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात जिन्याशेजारच्या भिंतीवर एक तपकिरी रेघ होती. दिवाळीआधी चुना लागायचा, पण तेवढी पट्टी अण्णा सोडायला लावायचे. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटून पुण्यात पूर आला, तेव्हा पाणी तिथवर चढलं होतं. गेल्या वर्षी वाडा पाडला, त्याबरोबर रेघही गेली. साधा फोटोसुद्धा काढून ठेवला नाही, ही रुखरुख जात नाही. पेठांमधले वाडे भराभर पडताहेत. त्या दिवसाची आठवण असेल, स्वतःची किंवा घरात ऐकलेली, तर इथे लिहा. नुसतं ‘खूप पाणी आलं’ नको. कुठली गल्ली, कितवी पायरी, तेही सांगा.

शनिवार पेठ
मी नऊ वर्षांचा होतो. शाळा लवकर सुटली, तसे आम्ही पोरं ओंकारेश्वराकडे पाणी बघायला पळालो. पानशेत सकाळीच फुटलंय हे आम्हाला कुठलं माहीत! आदल्या रात्री जवान तिथे वाळूची पोती रचत होते, तेही मागाहून कळलं. आईनं बखोट धरून घरी आणलं. बघतो तर मोरीतून पाणी उलटं वर येत होतं. दारातून यायच्या आधी मोरीतून! आईनं आधी देव उचलले, मग धाकटीला, आणि आम्ही माडीवर गेलो. पाणी दिवसा आलं म्हणून वाचलो, असं ती शेवटपर्यंत म्हणायची.

खाली उतरलो तेव्हा गव्हाची पोती फुगून फाटली होती. कुजकं धान्य, रॉकेल आणि गाळ यांचा तो वास अजून नाकात आहे. कोपऱ्यात लोणच्याची बरणी मात्र दादरा बांधलेली तशीच उभी होती, गळ्यापर्यंत चिखलात. आईनं ती न उघडताच टाकून दिली आणि मग पहिल्यांदा रडली. माडीच्या जिन्याची अकरावी पायरी, तिथवर पाणी होतं. घर अजून उभं आहे.

सदाशिव पेठ
आमच्याकडे पूर आला नाही. आमची आठवण पाणी नसल्याची आहे. खडकवासल्याचं धरणही फुटलं आणि नळ कोरडे पडले. वर्षानुवर्षं फळ्या टाकून झाकलेली वाड्यातली विहीर उघडली, नवा दोर आणला. पेशव्यांनी कात्रजहून पाणी आणून बांधलेले हौद आजी त्या दिवसांत सारखे आठवायची.

गोखलेनगर
माझा जन्म पुरानंतरचा. ‘पूरग्रस्त वसाहत’ हे शब्द मी पत्ता म्हणूनच शिकले. आजीचं घर नदीकाठी होतं, ते गेलं. इथे छप्पर मिळालं, पण शेजार फुटला. कुणी लोकमान्यनगरला, कुणी सहकारनगरला. हळदीकुंकवाला ती दोन बस बदलून जुन्या शेजारणींकडे जायची. तिच्या शालूच्या काठावर गाळाचा डाग आहे. तिनं तो कधी धुवायला दिला नाही, मीही देणार नाही.

नारायण पेठ, पुन्हा मी
शनिवार पेठवाले काका, मोरीतून पाणी आल्याचं आमचे अण्णाही सांगायचे. तुमच्या जिन्याशी रेघ अजून दिसते का? चालणार असेल तर रविवारी सकाळी टेप आणि कॅमेरा घेऊन येतो.