फोटोला नक्षीची किनार लावायचीय, फुकटचं सॉफ्टवेअर सांगा

अमळनेरची_लेक: आई-दादांच्या लग्नाला ५० वर्षं होतायत, ४० फोटो ४ बाय ६ मध्ये छापायचेत, काही जुने स्कॅन केलेले, बाकी मोबाईलवरचे. सगळ्यांना लुगड्याच्या काठासारखी किनार हवीय. लॅपटॉप जुना, रॅम ४ जीबी. बजेट शून्य, म्हणजे खरंच शून्य.

केळीवाला_रावेर: फोटोशॉप घे ताई, महिन्याला पैसे भरायचे, कटकट नाही. भाचीच्या साखरपुड्याला मी तेच वापरलं, सगळे विचारत होते कोणी केलं.

भुसावळ_लाइन: शून्य लिहिलंय, वाचलं का भो? ताई, गिंप घ्या, फोटोवर काम करायचं फुकट सॉफ्टवेअर आहे. फिल्टर्स, मग डेकोर, त्यात फझी बॉर्डर. फोटोची कड धुक्यात गेल्यासारखी होते. सरळ पट्टी हवी तर तिथेच अॅड बॉर्डर आहे.

सुनबाई_चोपडा: गिंपच्या नादाला लागू नका. मी रात्री दोनपर्यंत बसून २२ फोटो केले, सेव्ह केले, पेनड्राइव्ह दुकानात दिला तर तो म्हणे यात एकही फोटो नाही. सगळ्या एक्ससीएफ, म्हणजे गिंपच्या स्वतःच्या फायली!

भुसावळ_लाइन: अहो वहिनी, सेव्ह नाही, एक्स्पोर्ट अॅज करून जेपीजी करायचं असतं.

सुनबाई_चोपडा: आता सांगताय.

गल्लीतला_फोटोवाला: सगळे बॉर्डर बॉर्डर करताय, आधी माप बघा. मोबाईलचा फोटो ४००० पिक्सेलचा आणि स्कॅन ९०० चा, दोघांना ५० ची पट्टी लावली की एकीकडे दोरा दिसेल न दुसरीकडे चौकट. आधी सगळे १८०० बाय १२०० वर आणा, मग किनार. आणि ती अगदी कडेला नको, छापताना कड थोडी कापली जाते, मग एक बाजू जाड एक बारीक, न लोकं आम्हाला शिव्या देतात. कोपरे गोल केले तर पीएनजी ठेवा, जेपीजीत पारदर्शक काही राहत नाही.

केळीवाला_रावेर: फोटोशॉपमध्ये हे सगळं आपोआप होतं.

गल्लीतला_फोटोवाला: होत नाही.

यावल_कट्टा: जेवणाला काय ठेवलंय? बामणोदच्या वांग्याचं भरीत न कळण्याची पुरी ठेवा, फोटो कोणी बघत नाही.

अमळनेरची_लेक: सगळ्यांचे आभार, विशेष करून मापाचं सांगितलं त्यांचे. गिंप उतरवलं, उघडायलाच इतका वेळ घेतं की चहा झाला. शेवटी लिबरऑफिस रायटरमध्ये, म्हणजे पत्रं-बित्रं टाईप करायच्या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये, पान ४ बाय ६ चं केलं, फोटो टाकला, प्रॉपर्टीजमधल्या बॉर्डर्समधून मरून रंगाची दुहेरी रेघ दिली, चारी बाजूंनी जागा सोडली आणि पीडीएफ काढली. नक्षी नाही, पण आई म्हणाली तिच्या शालूचा काठ असाच होता. ३१ झाले, ९ बाकी.

गल्लीतला_फोटोवाला: रायटरमध्ये?? बरं.

पाचोरा_पॅसेंजर: उशिरा पाहिला धागा. गिंप वापरून बघा, फुकट आहे.