मागची खोली रोजच्या भाड्यानं द्यावी की महिन्याच्या? (बेळगाव: शहापूर, कपिलेश्वर, टिळकवाडी)

गल्लीकर, शहापूर
जुन्या घराची मागची बाजू मोकळी करायची, स्वयंपाकाचा ओटा आणि संडास-बाथरूम आत घ्यायचं, तीनशे चौरस फुटांचा स्टुडिओ म्हणून ऑनलाइन रोजच्या भाड्याला लावायचा, हे आता आपल्या भागात बरंच चाललंय. माझं मत विरोधात आहे. दहा-बारा फुटी गल्लीत हा धंदा बसत नाही, खोली महिन्याच्या भाड्यानं द्यावी.

हिशोब मांडून बघा. रात्रीला 1,500 रुपये आणि महिन्यात 12 रात्री धरल्या तर 18,000 होतात. कमिशन 15 टक्के धरलं तर 2,700 गेले. सात वेळा पाहुणे बदलले की झाडलोटीचे 250 प्रमाणे 1,750, चादरी-टॉवेल धुण्याचे 150 प्रमाणे 1,050. वीज 1,500, वायफाय 600, साबण-चहापत्ती-फिनेल 500. हातात 9,900 उरतात. हीच खोली महिन्याला 8,500 ला सहज जाते आणि भाडेकरू विजेचं बिल आपलं आपण भरतो. 1,400 रुपयांसाठी रात्री अकराला किल्ली घेऊन दारात कोण उभं राहणार? जुलै-ऑगस्टात पाच रात्री भरल्या तर हातात साडेतीन हजारसुद्धा येत नाहीत.

आरपीडी कॉर्नर
हिशोब बरोबर आहे, पण तो एक-दोन रात्रींच्या गिऱ्हाइकाचा आहे ओ. झाडलोट आणि धुणं रात्रीवर पडत नाही, पाहुणा बदलण्यावर पडतं. आठवड्याच्या बोलीवर द्या. रात्रीला 1,200, महिन्यात 18 रात्री, तीनच बदल, लोक ओळखीतून थेट फोनवर आलेले. 21,600 मधून बदलाचे 1,200 आणि वीज-वायफाय-सामानाचे 3,000 काढले तरी 17,400 राहतात.

असं गिऱ्हाईक आहे की नाही, हा खरा प्रश्न, आणि बेळगावात ते आहे. डिसेंबरात सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की शहरातल्या लॉजमध्ये खोली मिळत नाही. लग्नसराईत मुंबई-पुण्याचे नातेवाईक चार-पाच दिवस राहतात. दवाखान्यात ॲडमिट असलेल्यांच्या घरच्यांना पेज-भात करायला ओटा लागतो, लॉजमध्ये तो नसतो. शिवाय मधल्या रिकाम्या दिवसांत खोली घरच्यांना वापरता येते. 11 महिन्यांचा करार केलेला भाडेकरू मुदत संपल्यावर उठेलच, याची खात्री कोण देतो?

नेहरूनगर क्रॉस
दवाखान्याचा मुद्दा शहापूरला लागू नाही. केएलई हॉस्पिटलात पेशंट असेल तर घरचे नेहरूनगर, अझमनगर, सदाशिवनगर बघतात, कारण दिवसातून दोन-तीन वेळा डबा घेऊन जायचं असतं. शहापूरहून रोज तेवढ्या फेऱ्या रिक्षानं केल्या तर वाचलेलं भाडं रिक्षातच जातं. शहापूर-कपिलेश्वर भागाला स्टेशन जवळ, खडेबाजार जवळ. तिथं येणार खरेदीवाले, लग्नवाले आणि चोर्ला घाटानं गोव्याला जाताना एक रात्र थांबणारे. म्हणजे एका रात्रीचेच जास्त. आठवड्याची बोली आमच्याकडे चालेल, तुमच्याकडे नाही.

वायरिंगवाला, खासबाग
पैशांचं तुम्ही बघा, मी विजेचं सांगतो. जुन्या घरांचा हेस्कॉमचा (आपली वीज कंपनी) मंजूर लोड बहुतेक एक-दोन किलोवॉटचा असतो. मागच्या खोलीत 15 लिटरचा गीझर म्हणजे 2,000 वॉट, इंडक्शन शेगडी आणखी 2,000. दोन्ही एकदम चालू झाले की साडेसतरा अँपिअर खेचतात. 16 अँपिअरच्या एकाच एमसीबीवर (जादा लोडला आपोआप पडणारा स्विच) दोन्ही दिले असतील तर सकाळी साडेसातच्या घाईत तो ट्रिप होऊ शकतो, आणि पुढच्या घराच्या लाईनवरूनच खोली ओढली असेल तर तुमचं घरही बंद. मग काही जण एमसीबी 32 चा बसवतात. तसं अजिबात करू नका. वायर 2.5 चौरस मिमीची तशीच राहते, ती तापते आणि एमसीबी पडत नाही. गीझरला 4 चौरस मिमीची वेगळी लाईन, शेगडीला वेगळी, दोन्हींवर 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच), आणि आधी लोड वाढवून घ्या. रोजच्या भाड्याला देणार असाल तर कनेक्शन घरगुती की व्यापारी, हेही हेस्कॉममध्ये विचारून लेखी घ्या.

गॅस गीझर बंद बाथरूमच्या आत कधीच नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. घरातलं माणूस खिडकी उघडी ठेवायला शिकतं, एक रात्र आलेला पाहुणा थंडीत खिडकी लावूनच घेतो.

कौलारू
पावसाळ्याचं कुणीच बोललं नाही. आपल्याकडं जून ते सप्टेंबर भिंत वाळत नाही. दगड-मातीच्या भिंतीवर पुट्टी आणि प्लास्टिक इमल्शन मारलं की फोटो छान येतात, पण आतली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही आणि ऑगस्टपर्यंत खाली दोन-अडीच फूट पापुद्रे सुटतात. तिथं चुनाच बरा. कौलाखाली पीओपीचं छत करू नका, गळती कुठं आहे ते कळत नाही आणि वर उंदीर होतात. कौलं मे महिन्यातच परतून घ्या. कपाट भिंतीपासून तीन बोटं पुढं ठेवा.

खोली रिकामी राहिली की वास येतो, त्याचं कारण बहुतेक वेळा न्हाणीचा ट्रॅप असतो. जाळीखालच्या वाकात दोन इंच पाणी उभं असतं, तेच गटाराचा वास अडवतं. बरेच दिवस कुणी आंघोळ केली नाही तर ते आटतं, मग वासही येतो आणि झुरळंही. आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी ओतलं की काम झालं. लोक मात्र फ्रेशनर मारत बसतात.

गल्लीकर, शहापूर
आता पाण्याचं बोलू, कारण माझा मुख्य आक्षेप तिथंच आहे. माणशी रोज 135 लिटर धरा. घरचे चार आणि पाहुणे दोन म्हणजे 810 लिटर. उन्हाळ्यात राकसकोप जलाशयाचं पाणी तळाला गेलं आणि नळ पाच दिवसांआड आला तर 4,050 लिटर साठा हवा. वर हजाराची एक टाकी ठेवून हा धंदा करणारा शेवटी टँकर मागवतो, टँकर गल्लीत शिरत नाही, मग पाइप शेजाऱ्याच्या दारातून जातो. भांडणं तिथून सुरू होतात.

आरपीडी कॉर्नर
शहापुरात जुन्या घरांत परसात आड असतात ना? फ्लश, फरशी आणि धुण्याला आडाचं पाणी द्या, वेगळी टाकी आणि वेगळी पाइप टाकून. नळाच्या लाईनला ती कुठंही जोडू नका, नाहीतर आडाचं पाणी प्यायच्या लाईनमध्ये येईल. निम्म्याच्या आसपास भार त्यावर निघतो. आड बुजवून वर पार्किंग केलेल्यांनी मात्र हा विचार सोडावा.

नेहरूनगर क्रॉस
पार्किंग म्हणालात म्हणून. गोव्याला जाणाऱ्यांची गाडी मोठी असते आणि मॅप तिला थेट गल्लीत घालतो. जाहिरातीतलं ठिकाणच मुख्य रस्त्यावरच्या मोकळ्या जागेचं टाका आणि तिथून चालत किती मिनिटं ते लिहा. वडगाव-खासबागला खोली असेल तर मागाचा आवाज येतो हेही आधीच लिहा, तो लपत नाही.

महापालिकेचा परवाना, पाहुण्यांची नोंदवही आणि ओळखपत्राची प्रत ठेवा. परदेशी पाहुणा आला तर 24 तासांत त्याची माहिती सरकारकडे ऑनलाइन भरावी लागते. पाटी लावणार असाल तर 60 टक्के भाग कन्नडमध्ये हवा.

गल्लीकर, शहापूर
आणि विसर्जनाच्या रात्री? मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, बहुतेक सार्वजनिक गणपती कपिलेश्वर तलावाकडे. बॅगा घेऊन आलेला माणूस कुठून येणार?

आरपीडी कॉर्नर
गणपती विसर्जन आणि शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक, या दोन्हींच्या आदल्या दिवसापासून दुसऱ्या दिवसापर्यंत नवीन पाहुणा घ्यायचा नाही. आधीच येऊन राहणाऱ्यालाच खोली द्यायची आणि त्या काळात गाडी हलणार नाही हे फोनवर सांगूनच पैसे घ्यायचे.

गल्लीकर, शहापूर
आड आहे, गल्ली पंधरा फुटांच्या वर आहे, मालक स्वतः पुढच्या घरात राहतो, अशा घराला माझा विरोध नाही. पण शहापुरात अशी घरं किती? बाकीच्यांना मी महिन्याचंच भाडं सुचवीन.