सल्ला हवा: ६ संगणक, १ प्रिंटर, फोल्डरच्या परवानग्यांचा गोंधळ. बजेट ₹१०,०००

जमाखर्च
करसल्लागाराच्या ऑफिससाठी विचारतेय. मुख्य संगणक विंडोज ११ होम. त्याच्या डी ड्राइव्हवर 'ऑफिस' नावाचं फोल्डर शेअर केलंय, आणि कॅनन एलबीपी २९००बी यूएसबीने त्यालाच जोडलाय. बाकी ३ विंडोज १०, २ नवे विंडोज ११ प्रो, २४एच२ आवृत्ती. हिशेबाला टॅलीप्राइम गोल्ड सॉफ्टवेअर आहे. राउटर इंटरनेटवाल्याने दिलेला, ४ पोर्टचा, त्यामुळे दोघं वायफायवर.

क्लायंटच्या फोल्डरांत सगळ्यांना काम करता आलं पाहिजे, पण पगारपत्रक फक्त सरांना आणि मला दिसावं. आर्टिकलची (शिकाऊ) मुलं माउसने फोल्डर ओढून भलत्याच फोल्डरात टाकतात, मग दिवसभर शोधाशोध. नव्या दोन संगणकांवरून शेअर उघडत नाही. प्रिंटर जोडायला गेलं की एका संगणकावर शेवटी ११बी असलेला एरर, दुसऱ्यावर ७०९. बजेट ₹१०,०००, सगळं धरून. दरमहा भाडं नको.

स्विचबोर्ड
दोन डिस्कचा नॅस, म्हणजे नेटवर्कवर फाइली ठेवायचा स्वतंत्र डबा, घ्या आणि मोकळे व्हा. ज्याला परवानगी नाही त्याला फोल्डर दिसतच नाही, खोडलेल्या फाइल नॅसच्या रिसायकल बिनमध्ये जातात, प्रत्येकाचं अकाउंट ब्राउझरमधून बनतं. आमच्याकडे सिनॉलॉजी कंपनीचा आहे, त्याच्याकडे बघावं लागत नाही.

जमाखर्च
डिस्क धरून १०,००० मध्ये बसतो का?

स्विचबोर्ड
नाही बसत. पण डेटा महत्त्वाचा की दहा हजार?

एक_नंबर
नॅसला +१. दोन डिस्क मिररमध्ये, दोन्हींवर तोच डेटा, म्हणजे बॅकअपची चिंताच नाही.

खटपट्या
मिरर म्हणजे बॅकअप नव्हे, हे किती वेळा लिहायचं! खोडलेली फाइल दोन्ही डिस्कवरून एकदमच जाते. फाइली लॉक करून खंडणी मागणारा रॅन्समवेअर आला तर दोन्ही प्रती एकदमच लॉक होतात.

ताई, आधी आहे त्यातच काय होतं ते बघा. होममध्ये यूजर आणि गटांची खिडकी नसते, पण गट बनतात. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडा. 'नेट लोकलग्रुप स्टाफ /ॲड' ने गट बनेल. मग 'नेट यूजर' ने प्रत्येकाचं अकाउंट, आणि 'नेट लोकलग्रुप स्टाफ अमुक /ॲड' ने एकेकाला गटात घाला. 'नेट यूजर' ने बनवलेल्या अकाउंटचा पासवर्ड डीफॉल्टनुसार ४२ दिवसांनी संपतो आणि एके सकाळी सगळ्यांचं शेअर एकदम बंद पडतं. म्हणून 'नेट अकाउंट्स /मॅक्सपीडब्ल्यूएज:अनलिमिटेड' लगेच देऊन टाका.

परवानग्या दोन ठिकाणी असतात, शेअरिंगच्या टॅबमध्ये आणि सिक्युरिटीच्या टॅबमध्ये. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्हींतली जी कडक ती लागू होते. दोन्हीकडे बारीकसारीक खेळत बसलात तर सहा महिन्यांनी तुम्हालाच उमगणार नाही. शेअरिंगमध्ये 'एव्हरीवन' काढा, 'ऑथेंटिकेटेड यूजर्स' ला 'चेंज' द्या, आणि खरी चाळण सिक्युरिटीत लावा. 'फुल कंट्रोल' स्टाफला कुठेच नको. त्यात परवानग्या बदलायचा आणि मालकी घ्यायचाही हक्क येतो. रोजच्या कामाला 'मॉडिफाय' पुरतो.

पगारपत्रक: सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड, 'डिसेबल इनहेरिटन्स' (वरच्या फोल्डरच्या परवानग्या आपोआप उतरणं बंद), विचारेल तेव्हा 'कन्व्हर्ट' वाला पर्याय. मग यादीतून स्टाफ, यूजर्स, ऑथेंटिकेटेड यूजर्स काढा. सिस्टिम, ॲडमिनिस्ट्रेटर्स, सर आणि तुम्ही एवढेच उरले पाहिजेत. 'डिनाय' ला हात लावू नका. सर स्टाफ गटातही असले तर 'डिनाय' त्यांनाही बाहेर ठेवेल. फोल्डरचं नाव मात्र सगळ्यांना दिसत राहील, उघडणार नाही एवढंच. नाव लपवायची सोय विंडोजच्या सर्व्हर आवृत्तीत आहे, यात नाही.

आणि मुख्य संगणकावर बसतं कोण? तो माणूस ॲडमिन असेल तर वरचं सगळं पाण्यात.

पुसा_आणि_टाका
एवढा कुटाणा कशाला. नेटवर्क सेटिंगमध्ये 'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग' बंद, फोल्डरला एव्हरीवन फुल कंट्रोल. प्रिंटरच्या एररला ते विंडोज अपडेट अनइन्स्टॉल करा, दोन मिनिटांत चालू. आमच्या सगळ्या गिऱ्हाइकांकडे असंच आहे.

खटपट्या
त्यांनी पगारपत्रक लपवायचं विचारलंय आणि तुम्ही दारच काढून ठेवताय. शिवाय नव्या संगणकांवर हे चालणारच नाही. ११ प्रोच्या २४एच२ मध्ये पाहुणा म्हणून, म्हणजे बिनपासवर्डचं, शेअर उघडणं बंद आहे. एसएमबीला, म्हणजे विंडोजच्या फाइल शेअरिंगच्या पद्धतीला, सायनिंग (प्रत्येक निरोपावर डिजिटल सही) सक्तीचं झालंय, आणि पाहुण्याच्या जोडणीला सायनिंग करता येत नाही. ताईंचे नवे दोन संगणक अडले ते बहुतेक याच कारणाने.

पुसा_आणि_टाका
रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगमध्ये, एक ओळ टाकली की चालतं.

खटपट्या
चालतं. व्हायरसलाही चालतं. मे २०१७ चा वॉनाक्राय रॅन्समवेअर जुन्या एसएमबीच्या भोकातूनच पसरला होता.

टोनर_संपला
प्रिंटरचं मी सांगतो, कारण अपडेट काढणं हा उपाय नाही. पुढच्या महिन्याच्या अपडेटबरोबर तोच बदल परत येतो.

२०२१ च्या जुलैत प्रिंटनाइटमेअर हे विंडोजच्या छपाई यंत्रणेतलं भोक उघडकीला आलं. त्यानंतर ऑगस्टपासून साध्या यूजरला दुसऱ्या संगणकावरचा ड्रायव्हर ओढून घेता येत नाही, ॲडमिन लागतो. सप्टेंबरपासून प्रिंटच्या आरपीसी जोडणीला (संगणक एकमेकांकडे काम सोपवतात ती) जास्त कडक सुरक्षा लागते, ११बी त्यातून येतो. एकीकडे अपडेट झालेलं आणि दुसरीकडे नाही, असं असलं की हमखास. म्हणून मुख्य संगणकासकट सगळे आधी अपडेट करा. ७०९ ची कारणं बरीच आहेत. त्यातलं एक म्हणजे २२एच२ पासून विंडोज ११ छपाईसाठी नेम्ड पाइप या जुन्या मार्गाऐवजी टीसीपी या दुसऱ्या मार्गावरून जातं. प्रोमध्ये ग्रुप पॉलिसीत प्रिंटर्सखाली 'कॉन्फिगर आरपीसी कनेक्शन सेटिंग्ज' आहे, तिथे नेम्ड पाइप निवडता येतं. होममध्ये ही खिडकीच नाही.

या सगळ्याला वळसा घालायचा तर असं करा. ज्या संगणकावरून प्रिंट द्यायची तिथे ॲडमिन होऊन कॅननचा ड्रायव्हर आधी बसवून घ्या. मग 'ॲड प्रिंटर', 'मॅन्युअली', 'लोकल प्रिंटर', नवीन पोर्ट, प्रकार 'लोकल पोर्ट'. पोर्टचं नाव म्हणून दोन उलट्या तिरक्या रेघा, मुख्य संगणकाचं नाव, एक उलटी रेघ, प्रिंटरचं शेअर नाव. शेअर नावात जागा सोडू नका. त्याआधी क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये मुख्य संगणकाचं यूजरनेम-पासवर्ड साठवलेलं हवं, नाहीतर 'ॲक्सेस डिनाइड' येईल. मुख्य संगणकाचं 'स्लीप' कायमचं 'नेव्हर' करा. तो झोपला की सगळ्यांचा प्रिंटर ऑफलाइन.

एक_नंबर
राउटरच्या यूएसबीला लावा की प्रिंटर. संगणक चालू ठेवायची गरजच नाही.

टोनर_संपला
२९०० ला नाही चालणार. तो होस्ट-बेस्ड आहे, पान तयार करायचं काम संगणकातला ड्रायव्हर करतो आणि प्रिंटरशी सतत दोन्ही बाजूंनी बोलत राहतो. राउटर आणि स्वस्त प्रिंट सर्व्हरचे डबे डेटा नुसता पुढे ढकलतात. एचपी १०२० लाही हेच लागू.

खरं तर लॅन पोर्टवाला लेझर घ्या. राउटरमध्ये त्याचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) राखून ठेवा, आणि प्रत्येक संगणकावर 'स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट' ने थेट जोडा. विंडोज आपणहून डब्ल्यूएसडी (प्रिंटर आपोआप शोधणारा) पोर्ट बनवतं, तो ठेवू नका. पोर्टच्या सेटिंगमधली 'एसएनएमपी स्टेटस' ची (प्रिंटरला त्याची अवस्था विचारत राहायची) खूण काढा. प्रिंटर ठणठणीत असून ऑफलाइन दिसतो तो पुष्कळदा त्या खुणेपायी.

वायरमन
टॅली वायफायवर चालवताय हे कुणी वाचलंच नाही का? डेटा दुसऱ्या संगणकावर, एंट्री सेव्ह होताना वायफाय तुटलं की डेटा करप्ट. ८ पोर्टचा गिगाबिट स्विच आणि कॅट-६ केबल टाका, बजेटमध्ये आरामात बसतं. केबल घेताना शुद्ध तांब्याची मागा. सीसीए म्हणजे वरून तांबं, आत ॲल्युमिनियम. तार ब्लेडने खरवडून बघा, आत पांढरी निघाली की परत करा.

स्विचबोर्ड
सहा संगणकांना सीसीएनेही काही बिघडत नाही. नॅस लावलात तर...

वायरमन
२० मीटरच्या पुढे नेऊन बघा आणि मग सांगा.

पेंग्विन
जुना एखादा संगणक पडलेला असेल तर त्यावर लिनक्स आणि सांबा, म्हणजे विंडोजला फोल्डर शेअर करून देणारं मोफत सॉफ्टवेअर. खर्च शून्य. 'हाइड अनरीडेबल = येस' दिलं की पगारपत्रक स्टाफला दिसणारही नाही. 'व्हीएफएस ऑब्जेक्ट्स = रिसायकल' दिलं की खोडलेलं वेगळ्या फोल्डरात पडतं. 'फोर्स ग्रुप' मध्ये गटाचं नाव द्या म्हणजे नवीन फोल्डर गटाच्याच मालकीचं राहतं. नॅसच्या पोटातही बहुतेक सांबाच असतो.

जमाखर्च
लिनक्स आम्हाला झेपणार नाही. खटपट्यांनी सांगितलेलं करून पाहिलं, पगारपत्रक बंद झालं. मुख्य संगणकावर मीच बसते. पण दोन प्रश्न. मुलांनी खोडू नये म्हणून 'मॉडिफाय' काढून नुसतं 'रीड' आणि 'राइट' ठेवलं, तर त्यांची एक्सेल सेव्हच होत नाही. आणि नव्या एका संगणकावर 'एकाहून जास्त यूजरनेमने जोडता येणार नाही' असं येतंय.

खटपट्या
दुसरं आधी, सोपं आहे. तो १२१९ चा एरर. त्या संगणकाने जुन्या नावाने जोडणी धरून ठेवलीय. 'नेट यूज * /डिलीट' द्या, क्रेडेन्शियल मॅनेजरमधली जुनी नोंद काढा, लॉगऑफ करून परत या. आणि पासवर्ड म्हणून पिन टाकू नका, पिन फक्त त्याच संगणकापुरता असतो.

एक्सेल सेव्ह करताना जुन्या फाइलवर लिहीत नाही. शेजारी तात्पुरती फाइल बनवतं, त्यात सगळं लिहितं, जुनी खोडतं आणि नवीला जुनं नाव देतं. खोडायचा हक्क नसेल तर तिथेच अडकतं आणि फोल्डरात विचित्र नावांच्या फाइल साचतात. वर्डचंही तेच. म्हणजे फाइलींना 'मॉडिफाय' द्यावाच लागतो.

ओढाओढी थांबवता येते मात्र. 'ऑफिस' या मूळ फोल्डरवर स्टाफला 'रीड अँड एक्झिक्यूट', आणि 'अप्लाइज टू' मध्ये 'धिस फोल्डर ओन्ली'. मग प्रत्येक क्लायंटच्या फोल्डरवर स्टाफच्या दोन नोंदी करा. पहिली 'मॉडिफाय', लागू 'सबफोल्डर्स अँड फाइल्स ओन्ली'. दुसरी 'धिस फोल्डर ओन्ली', त्यात रीड, फाइल बनवणं, फोल्डर बनवणं चालू, पण 'डिलीट' ची खूण काढलेली. फोल्डर हलवणं म्हणजे विंडोजच्या लेखी मूळ जागेवरून खोडणंच, त्यामुळे क्लायंटचं फोल्डर जागचं हलणार नाही. आतल्या फाइली नेहमीसारख्या सेव्ह होतील. एका फोल्डरवर करून 'इफेक्टिव्ह ॲक्सेस' च्या टॅबमध्ये एखाद्या मुलाचं नाव टाकून तपासा, मग बाकीच्यांवर.

टॅलीच्या डेटा फोल्डरवर जे टॅली वापरतात त्यांना 'मॉडिफाय' लागेलच. म्हणजे त्यांना तो फोल्डर कॉपीही करता येईल. ते नको असेल तर टॅलीव्हॉल्टचा (टॅलीचा डेटा कुलूपबंद करणारा) पासवर्ड लावा, फोल्डरच्या परवानगीने ते साधत नाही.

आणि नेटवर्कवरच्या शेअरमधून खोडलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही, सरळ जाते. बाहेरची हार्ड डिस्क घ्या, बॅकअप झाला की ती काढून कपाटात ठेवा.

एक_नंबर
म्हणूनच नॅस म्हणत होतो.

मोडी_नव्हे_देवनागरी
एक बाजूचा मुद्दा. श्रीलिपीतल्या, म्हणजे युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमधल्या, जुन्या फाइली शेअरमध्ये असतील तर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर गिचमिड दिसेल आणि छापूनही गिचमिडच येईल. मुख्य संगणकावर फॉन्ट असून उपयोग नाही, जिथून प्रिंट देता तिथे हवा.

टोनर_संपला
बरोबर. पण आता कोण वापरतं श्रीलिपी?

मोडी_नव्हे_देवनागरी
जुनी करारपत्रं काय आपोआप युनिकोड होतात?

वायरमन
विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, त्या तिघांचं काय करणार? अपडेट करा म्हणताय खरे, पण मिळणार कुठून?

जमाखर्च
निर्णय कळवते. स्विच आणि तांब्याची केबल घेतली, बाहेरची डिस्क घेतली. क्लायंटच्या फोल्डरांना दोन नोंदी केल्या, मुलांकडून ओढून पाहिलं, हलत नाही. नॅस नाही. लेझर घ्यायचं ठरत होतं, तेवढ्यात सर परस्पर रंगीत इंकटँक घेऊन आले, वायफायवाला. लॅन पोर्ट नाही. बजेट गेलं ते गेलंच. आता रंगीत छपाई फक्त सरांना आणि मला ठेवता येईल का?

टोनर_संपला
अरेरे. सांगितलं होतं लॅन पोर्ट.

स्विचबोर्ड
या पैशांत नॅसची एक डिस्क आली असती.

टोनर_संपला
जमेल. असे बरेच प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झ धरतात, तेव्हा राउटरवर ते चालू आहे ना बघा. गेस्ट नेटवर्कवर टाकू नका, तिथून संगणकांना तो दिसणार नाही. आयपी राखून ठेवा.

मग मुख्य संगणकावर तोच प्रिंटर त्याच पोर्टवर दोन नावांनी बसवा, 'रंगीत' आणि 'काळा', आणि दोन्ही शेअर करा. 'काळा' च्या ॲडव्हान्स्ड टॅबमधल्या 'प्रिंटिंग डीफॉल्ट्स' मध्ये ग्रेस्केल लावा. जनरल टॅबमधलं 'प्रिंटिंग प्रेफरन्सेस' नव्हे, ते फक्त तुमच्या अकाउंटपुरतं लागतं. 'रंगीत' च्या सिक्युरिटीतून 'एव्हरीवन' काढा, सर आणि तुम्ही ठेवा. ग्रेस्केल हे नुसतं डीफॉल्ट आहे, हुशार मुलगा प्रिंट देताना बदलू शकतो. आणि कोणी वायफायवरून थेट प्रिंटर जोडला तर हे कुंपण ओलांडलं जातं, म्हणून मुलांची अकाउंट त्यांच्या संगणकांवर ॲडमिन नसलेली बरी. आठवड्यातून एक रंगीत पान काढत जा, हेड सुकतं.

जमाखर्च
करून बघते. लीगल कागद घेतो का हा?

टोनर_संपला
मॉडेल कोणतं?