मार्लिनसाठी मालवण का नाही?

'पुण्याहून मालवण एका दिवसात गाठता येतं, मग मार्लिन (भाल्यासारख्या तोंडाचा मोठा समुद्री मासा) गळानं पकडायला अंदमान कशाला?' असं एकानं विचारलंय. अडचण रस्त्याची नाही, खोलीची आहे. मार्लिन खोल, निळ्या पाण्यातला. कोकणासमोर तळ फार हळू उतरतो. २०० मीटर खोली मिळायला शंभरेक किलोमीटर आत जावं लागतं, मुंबईसमोर तर त्याहून कितीतरी जास्त. एकाच इंजिनाच्या खासगी बोटीनं मी तरी जाणार नाही. अंदमानात तेवढी खोली किनाऱ्याजवळच मिळते.

खडकवासला धरणावर वापरता तो मासेमारीचा हलका रॉड घरीच ठेवा. खऱ्या माशाचं आमिष लावणार असाल तर सर्कल हुकच (टोक आत वळलेला गोलसर गळ) घ्या. तो बहुधा जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो, पोटात जात नाही. आणि पकडून परत पाण्यात सोडायचा मासा फोटोसाठी बोटीत ओढू नका (पुणेरी पाटी समजा!).