अनुभव धागा : जुना लॅपटॉप, लिनक्स आणि आपला उन्हाळा

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. गावातले २०१२-१५ च्या सुमाराचे लॅपटॉप त्यामुळे भंगाराच्या दारात उभे आहेत. विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट प्रणाली टाकून ते वापरात ठेवता येतात. तिची कोणती डिस्ट्रो (म्हणजे तयार संच) भारी, हा वाद इथं नको. काय बसवायचं, कुठं अडतं आणि का, तेवढं लिहा.

आर्वी
डिस्ट्रो शेवटी निवडा, आधी डिस्क बदला. २४० जीबीची, साटा जोडणीची अडीच इंची एसएसडी (न फिरणारी, चिपची डिस्क) पुरते. जुनी फिरती डिस्क बहुतेक ९.५ मिमी जाड, एसएसडी ७ मिमी. खाच सैल राहते, कनेक्टर हलतो आणि मशीन मधूनच 'डिस्क नाही' म्हणतं. सोबत प्लॅस्टिकची चौकट आली नसेल तर पुठ्ठ्याची पट्टी लावा.

रॅम घेताना डीडीआर३ की डीडीआर३एल ते पाहा. पहिली १.५ व्होल्टची, दुसरी १.३५. चौथ्या पिढीच्या आय३-आय५ पासून बहुतेक लॅपटॉपना एलच लागते. साधी घातली की पडदा काळा. एल मात्र सहसा १.५ वरही चालते, म्हणून शंका असेल तिथं एल घ्यावी.

घाटंजी
लिनक्स मिंट २२ ची हलकी आवृत्ती म्हणजे एक्सएफसीई. तिची फाइल जवळपास ३ जीबीची, आणि मोबाईलचा पॅक रोजचा दीड-दोन जीबीचा. ब्राउझरमधून उतरवली तर मध्येच तुटते. टॉरेंटनं (तुकड्या-तुकड्यानं उतरवणाऱ्या ॲपनं) घ्या, दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे सुरू होते. उतरल्यावर शा-२५६ ची बेरीज (फाइल नीट उतरली का ते सांगणारा आकडा) साइटवरच्याशी जुळवा. अर्धवट फाइलनं बनवलेला पेनड्राइव्ह सुरू होतो आणि बसवताना अडकतो, मग दोष एसएसडीला जातो.

२ जीबी रॅमवर मिंट उघडतं, पण काम करायचं तर ४ हवी. ही आवृत्ती फक्त ६४ बिटची आहे, आधार २०२९ पर्यंत. ३२ बिटच्या यंत्रावर डेबियन या दुसऱ्या डिस्ट्रोची १२ वी आवृत्ती टाका. १३ मध्ये ३२ बिटचा इन्स्टॉलरच नाही.

वायफाय दिसत नसेल तर चिप बहुधा ब्रॉडकॉम कंपनीची. फोन केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा आणि ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर घ्या.

दर्यापूर
भाऊ, रॅम-गिम नंतर पाहा, पहिले फॅन खोला. मे महिन्यात मशीन रांगली तं लोक लिनक्सले बोल लावते. प्रोसेसर ९५-१०० अंशावर गेला का आपला वेग आपणच पाडते, त्याले कोणती डिस्ट्रो काय करन? 'एलएम-सेन्सर्स' (lm-sensors) टाका न् टर्मिनलात 'सेन्सर्स' (sensors) चालवून आकडा पाहा. काही उघडलं नसताना ७५ च्या वर दिसला तं समजा जाळी बुजली.

कापूस वेचून घरात भरला का तंतू उडते. फॅन न् तांब्याच्या जाळीच्या मधात त्याचा नमदाच बसते, बाहेरून दिसत नाई. बाहेरून ब्लोअर मारला तं तो आतच दबते. बॅटरी काढा, मागचं झाकण खोला, फॅनचे स्क्रू काढून नमदा चिमट्यानं अख्खा उचला. ब्लोअर माराचाच असन तं पंख्यात काडी अडकवा. मोकळा फिरला तं बेअरिंग जाते.

हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढणाऱ्या पट्टीच्या) स्क्रूजवळ १-२-३-४ लिहिलं असते. कसताना त्याच क्रमानं, थोडे थोडे. खोलताना उलटे. तिच्याखालची वाळलेली पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, नवी मटकीच्या दाण्याएवढी. जास्त लावली म्हणून जास्त थंड होत नाई.

न् कूलरच्या झोतात लॅपटॉप ठेवू नका. बोअरच्या पाण्याचा क्षार आत जाऊन बसते.

आर्वी
@दर्यापूर, पेस्ट बरोबर, पण ग्राफिक्स चिपवर पेस्टऐवजी जाड पॅड असेल तर त्या जागी पेस्ट चालत नाही, फट राहते. तेवढ्याच जाडीचं पॅड लावा.

पांढरकवडा
बॅटरी मेलेली असली की लाइन गेली रे गेली, मशीन धाडकन बंद. दोन-चारदा झालं की पडद्यावर काळ्यावर पांढरं 'इनिटरामएफएस' (initramfs) येऊन थांबतं. घाबरून फॉरमॅट मारू नका. त्याच्या वरच्या ओळीत पार्टिशनचं नाव असतं, बहुधा एसडीए२. डिस्क तपासायला 'एफएससीके', मोकळी जागा, उणे चिन्ह आणि वाय, मोकळी जागा, मग ते नाव पूर्ण पत्त्यासह, म्हणजे fsck -y /dev/sda2 असं टाइप करा. संपल्यावर 'एक्झिट' (exit). पुन्हा पुन्हा येत असेल तर स्मार्टचा, म्हणजे डिस्कच्या तब्येतीचा, अहवाल काढा. 'पेंडिंग सेक्टर' (वाचता न येणारे भाग) शून्याच्या वर असेल तर आधी फोटो नि सातबारे दुसरीकडे हलवा.

दुसरी खोडी तारखेची. बोर्डावरचा सेल संपला की घड्याळ मागं जातं, मग एकही साइट उघडत नाही, अपडेटही नाकारलं जातं. नेटला शिव्या देण्याआधी तारीख पाहा. सेल बहुतेक सीआर२०३२. काही मशीनमध्ये वायर जोडलेला असतो, तो तसाच आणावा लागतो.

पुसद
श्रीलिपीतल्या (जुन्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरमधल्या) फायलींचं लिनक्सवर काय? आणि अंगठ्याचं यंत्र?

घाटंजी
श्रीलिपीची फाइल युनिकोड नसते, फॉन्ट नसला की नुसता कचरा दिसतो. फॉन्ट टाकून वाचा, नवं काम इनस्क्रिप्टवर (युनिकोडच्या मराठी कीबोर्डवर) करा. अंगठ्याच्या यंत्रासाठी त्याच्या कंपनीच्या पानावर लिनक्सचा ड्रायव्हर आहे का ते विकत घेण्याआधी पाहा. नसेल तर विंडोजची जुनी डिस्क फेकू नका. डीव्हीडी ड्राइव्ह काढून त्या जागी ट्रेमध्ये बसवा. ट्रे ९.५ आणि १२.७ मिमी अशा दोन जाडीत येतो, ड्राइव्ह मोजूनच मागवा.