मदत हवी आहे: सातारा हिल हाफ मॅरेथॉनच्या सरावात व्हिटॅमिन सी-ईच्या गोळ्या, की आवळा-कोकम-बीट पुरे?

घाटवाट
आठवड्याला ४५ किमी पळणं चालू आहे. त्यात एक दिवस चढ, एक दिवस इंटरव्हल्स (थोडं जोरात, थोडं हळू असं आलटून पालटून). ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस (फ्री रॅडिकल्समुळे पेशींवर येणारा ताण) कमी व्हावा म्हणून रोज व्हिटॅमिन सी १००० मिग्रॅ आणि ई ४०० आययू घ्यायचा सल्ला मिळालाय. त्याऐवजी आवळा, कोकम, बीट यावर भागेल का? किती आणि कधी घ्यायचं? उतारावर पळलं की मांड्या दोन दिवस धरतात, त्यावरही सुचवा.

पेशीपुराण
डॉक्टरांनी लिहून दिल्या नसतील तर गोळ्या थांबवा. जोराच्या व्यायामात स्नायूंत फ्री रॅडिकल्स (पेशींना इजा करू शकणारे अस्थिर रेणू) तयार होतात आणि त्यांच्याच इशाऱ्यावर मायटोकॉन्ड्रिया (पेशीतली ऊर्जा बनवणारी केंद्रं) वाढतात, शरीराची स्वतःची अँटिऑक्सिडंट, म्हणजे फ्री रॅडिकल्सना आवरणारी, एन्झाइम्सही वाढतात. सी-ईचा मोठा डोस हा इशाराच दाबतो. जर्मनीतल्या २००९ च्या अभ्यासात नेमका तुमचाच डोस चार आठवडे दिला होता. व्यायामाने इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारतो, तो गोळ्या घेणाऱ्यांत सुधारला नाही. नॉर्वेच्या २०१४ च्या अभ्यासात सी-ई घेणाऱ्यांत ११ आठवड्यांनी मायटोकॉन्ड्रियाची वाढ रोडावलेली दिसली. व्हीओटू मॅक्स (शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं ते माप) मात्र गोळ्या घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या दोन्ही गटांत सारखाच वाढला. म्हणजे पळणं बिघडेलच असं नाही, पण ज्यासाठी पैसे मोजायचे ते पदरात पडत नाही. शिवाय सीच्या मोठ्या डोसने लघवीतलं ऑक्झलेट (ज्याचे मुतखडे बनतात तो क्षार) वाढतं. मुतखडा होऊन गेला असेल तर जपून.

आगळवाला
आवळा रोज एक, कच्चा किंवा मीठ लावून. सीची दिवसाची गरज त्यातच भागते. मोरावळ्यात साखरच जास्त. कोकमाचं आगळ (मीठ घातलेला घट्ट रस) दोन मोठे चमचे, पेलाभर पाण्यात, पळून आल्यावर. त्यात मीठ आधीच असतं, म्हणून वरून घालण्याआधी चव घ्या. पळण्याआधी रिकाम्या पोटी नको, चढावर आंबट ढेकर येतात.

बीटचं काम वेगळं, ते नायट्रेटसाठी; त्यापासून शरीरात रक्तवाहिन्या सैल करणारा नायट्रिक ऑक्साइड बनतो. रस पळण्याआधी दोन-तीन तास घ्या. उकडून पाणी फेकलं की नायट्रेटही गेलं. जिभेवरचे जीवाणू नायट्रेटचं नायट्राइट करतात, त्यामुळे त्या दिवशी जंतुनाशक माउथवॉश नको. लघवी लाल झाली तर घाबरू नका. शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा पिऊ नका, पोट बिघडलं तर यवतेश्वरच्या घाटात हाल होतील.

घाटवाट
आणि चेरीचा रस? हळद-मिरीची कॅप्सूल?

पेशीपुराण
आंबट चेरीचा रस लंडन मॅरेथॉनच्या धावपटूंवर तपासलाय: आधीचे पाच दिवस, शर्यतीचा दिवस आणि नंतरचे दोन दिवस, रोज दोनदा. स्नायूंची ताकद लवकर परतली. शर्यतीपुरता घ्यायला हरकत नाही, रोजच्या सरावात नको. दुकानातली गोड चेरी ती नव्हे. मिरीतलं पिपरीन औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढवू शकतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर कॅप्सूल डॉक्टरांना विचारूनच. भाजीतली हळद खुशाल खा.

मांड्यांचं दुखणं मुळात उताराचं आहे. स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो, त्याने तंतू फाटतात. शर्यतीच्या तीनेक आठवडे आधी एकदा १५-२० मिनिटं उतारावर पळा, छोटी पावलं टाकत. पुढच्या वेळी तोच उतार बराच कमी दुखेल. हे कुठल्याच रसाने साधत नाही.